हरिपाठ कुणी म्हणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की गावोगावच्या वेशीवर अखंड हरिनाम सप्ताहाचे फलक लागतात. कीर्तनकारांचे फोटो, अन्नदात्यांचे फोटो, त्याखाली शुभेच्छुकांची रांग. रोजचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो: पहाटे ४ ते ६ काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, ४ वाजता प्रवचन, संध्याकाळी ६ ते ७ हरिपाठ, रात्री ९ ते ११ कीर्तन आणि नंतर हरिजागर. या सगळ्यात एकच तास असा, की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यात तोंड उघडायचा पुरता हक्क आहे. तो हरिपाठाचा. आमचे म्हणणे या एका तासापुरतेच आहे.

हा तास गावाच्या हातून निसटत चालला आहे. हरिपाठ शिवारापलीकडे ऐकू जातो, पण मंडपात म्हणणारे मोजून दहा-पंधरा. बाकीचे ऐकतात, मोबाइलवर चित्रण करतात, नाहीतर पंगतीची वाट बघतात. यावर ‘लोकांत आता भाव राहिला नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. चाल, लय, पट्टी (म्हणजे स्वराची उंची), वाद्ये आणि कर्णे यांची जुळणीच अशी होते की आलेल्या माणसाने ठरवले तरी त्याला म्हणता येऊ नये. ही जुळणी सुधारता येते, आणि त्यातल्या बहुतेक सुधारणांना दमडी लागत नाही.

आधी अभंगाची घडण बघू, कारण अर्धा घोटाळा तिथेच होतो. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २७, फलश्रुतीचा धरून २८. ‘देवाचिये द्वारी, उभा क्षणभरी, तेणे मुक्ति चारी, साधियेल्या’ हे पहिले कडवे बोटांवर मोजावे. दे-वा-चि-ये-द्वा-री, सहा. उ-भा-क्ष-ण-भ-री, सहा. ते-णे-मु-क्ति-चा-री, सहा. सा-धि-ये-ल्या, चार. तीन चरण सहांचे, चौथा चारांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. साध्या भजनी ठेक्यात एका चरणाला आठ मात्रांचे एक आवर्तन मिळते. सहा अक्षरांच्या चरणात शेवटचे अक्षर लांबते, चार अक्षरांच्या चरणात सगळीच अक्षरे दुपटीने लांबतात. त्या लांबलेल्या ‘साधियेल्या’त दम घ्यायला जागा असते. म्हातारा माणूस सत्तावीस अभंग म्हणून जातो तो या जागेच्या जिवावर.

आता याच कडव्याला एखाद्या गाजलेल्या सिनेगीताची चाल लावा. त्या गाण्याची ओळ वेगळ्या मापाची. मग उरलेली जागा भरायला ‘साधि, साधियेल्या’ असे तुकडे होतात, नाहीतर विसावा भलत्या ठिकाणी पडतो. तिसऱ्या कडव्यात ‘असोनि संसारी’ हा एक चरण आणि ‘जिव्हे वेगु करी’ हा दुसरा. चालीने ‘असोनि’ एकीकडे आणि ‘संसारी जिव्हे’ दुसरीकडे केले, की संसारात राहून जिभेला नामाची घाई करायला सांगणाऱ्या ओळीतून काही म्हणजे काहीच हाती लागत नाही. त्यातच ज्या जागी दम घ्यायचा ती जागा गेली, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापासून माणसे एकेक करून गप्प होतात. नवी चाल लावण्याला आमचा विरोध नाही. जुन्या चालीही कधीतरी कुणीतरी लावलेल्याच आहेत. पण चाल लावणाऱ्याने आधी चरण मोजावेत, आणि तिसऱ्या चरणाचे यमक कानावर पडल्यावरच विसावा येतो की नाही ते पाहावे. तेवढे जमले तर राग कुठलाही चालेल. जिथे अक्षरच जास्त आहे तिथली सोयही आधी ठरवून टाकावी. त्याच कडव्यातल्या ‘वेदशास्त्र उभारी’ची सात अक्षरे होतात. ‘वेद’ एका मात्रेत उरकला की पुढची पाच सुखाने बसतात. हे ठरलेले नसेल तर त्या एका शब्दावर दर संध्याकाळी टाळ चुकतो आणि बोल मृदंगवाल्याला बसतो.

(आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचे अभंगही असतात. ‘रूप पाहता लोचनी, सुख झाले वो साजणी’ मोजून बघा. सहा-सहा-सहा-चारची चाल त्यांना बसत नाही. ओढून बसवली की काय होते ते अनेकांनी ऐकले असेल.)

दुसरा घोटाळा ध्रुपदाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा घोळवायच्या ओळीचा. तुकोबांची गाथा उघडून ‘सुंदर ते ध्यान’ काढावा. ‘ध्रु’ अशी खूण पहिल्या कडव्यावर नाही, ‘तुळसी हार गळा कासे पितांबर, आवडे निरंतर हेचि ध्यान’ या दुसऱ्या कडव्यावर आहे. म्हणजे घोळून घोळून परत यायचे ते ‘आवडे निरंतर हेचि ध्यान’वर. ध्वनिमुद्रिकांच्या काळात पहिली ओळच ध्रुपद झाली. मैफलीत एक गाणारा आणि बाकी ऐकणारे, तिथे त्याने काही अडत नाही. भजनात मात्र ध्रुपद म्हणजे समाजाचा वाटा. चाल सांगणाऱ्याने कडवे सांगायचे आणि मागच्यांनी ध्रुपद धरायचे, अशी ती वाटणी आहे. हरिपाठाचे ध्रुपद पहिल्या अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात आहे: ‘हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी.’ ज्याला सत्तावीसांतला एकही अभंग पाठ नाही त्यालाही ही एक ओळ येते. ती दर अभंगाच्या शेवटी सगळ्यांना मिळाली, तर अख्खा मंडप हरिपाठात सामील होतो. ती गाळली, किंवा पेटीवाल्याच्या तुकड्यांसाठी राखून ठेवली, तर बहुसंख्य माणसांना म्हणायला काही उरतच नाही.

‘वेळ पुरत नाही म्हणून ध्रुपद गाळतो’ असे सांगितले जाते, म्हणून हिशेब मांडतो. एका कडव्याच्या मात्रा ३२. बहुतेक अभंग चार कडव्यांचे, म्हणजे अभंगाच्या मात्रा १२८. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर अभंगाला साधारण ९६ सेकंद, म्हणजे अठ्ठावीस अभंगांना पाऊण तास. दर अभंगामागे एकदा ध्रुपद घेतले तर त्याचे २४ सेकंद, सगळे मिळून ११ मिनिटे. तासाभरात हरिपाठ ध्रुपदासकट बसतो आणि शेवटच्या नामघोषाला थोडा वेळ उरतोही. बसत नाही ते प्रत्येक चरण आधी पुढाऱ्याने आणि मग सगळ्यांनी म्हणणे. त्यात वेळ थेट दुप्पट होतो, सातची पंगत आठवर जाते, आणि मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी मृदंगवाल्याच्या कानात सांगते, ‘जरा उरकून घ्या.’ तिथून लय हाताबाहेर जाते.

यावर जुना उपाय आहे. समोरासमोर दोन रांगा करायच्या, कडव्याचे पहिले दोन चरण एका रांगेने म्हणायचे, उरलेले दोन दुसरीने, आणि ध्रुपद दोघींनी मिळून. वेळ वाढत नाही, प्रत्येकाला अर्धे कडवे दम मिळतो, समोरच्यांचे ओठ दिसत असल्याने शब्दही चुकत नाहीत. एक रांग पुरुषांची, एक बायकांची केली तर पट्टीचा प्रश्नही बराच हलका होतो. जनाबाई-मुक्ताबाईंचे अभंग डोक्यावर घ्यायचे आणि चाल सांगायची वेळ आली की बायकांना मंडपाच्या मागच्या बाजूला बसवायचे, ही रीत कुठल्या पोथीत लिहिली आहे ते एकदा कुणीतरी दाखवावे.

लय मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळाच्या तीन सेकंदांत टाळाचे चार ठोके पडले की मिनिटाला ८० झाले. सेकंदाला दोन ठोके म्हणजे १२०. पहिले दहा अभंग ८०च्या आसपास राहावेत, मध्यावर १००पर्यंत जावेत. १२०ला अभंगाचे शब्द अजून कळतात, त्यापुढे फक्त पाठ असलेल्यांना कळतात. नेहमी होते असे की पाचव्या-सहाव्या अभंगालाच दुगण होते, म्हणजे लय दुप्पट होते, पोरे उड्या मारू लागतात, मंडपाला रंग चढला असे वाटते, आणि नेमके त्या क्षणी पन्नाशीच्या पुढचे सगळे थांबलेले असतात. उड्या मारायलाही जागा आहे की! हरिपाठ संपल्यावर ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’चा गजर होतो. शब्द तीन, सगळ्यांना येणारे. तिथे लय कितीही चढवा, कुणाचा शब्द सुटणार नाही. पावलीचेही, म्हणजे टाळ वाजवत तालात टाकायच्या पावलांचेही, तेच. पाऊल अभंगाच्या लयीत पडू दे, आणि दोन रांगांत हात लांब करून टाळ समोरच्याला लागणार नाही एवढे, निदान सव्वा मीटर अंतर असू दे. दाटीत पावली धरली की माणूस समोरच्याचे कोपर चुकवण्यात गुंततो आणि म्हणणे राहून जाते.

आता पट्टी. वारकरी भजन चढ्या स्वरात असते हे खरे, आणि उघड्यावर, चालत, कर्ण्याशिवाय म्हणायचे तर ते तसे असायलाच हवे. पण चढे म्हणजे किती, हे एका गळ्यावरून ठरवू नये. फलकावर ज्यांच्या नावामागे ‘गायनाचार्य’ लागलेले असते त्यांचा तयार गळा ज्या पट्टीला सुखाने लागतो, तिथे गावाचा गळा चिरतो. चाल बसवताना तिचा सगळ्यात वरचा स्वर शोधावा आणि तो एखाद्या आजोबांकडून आणि एखाद्या शाळकरी पोराकडून म्हणवून घ्यावा. मान ताणावी लागली तर पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवावी. पेटीवाल्याला यात कष्ट नाहीत, मृदंगाला मात्र मर्यादा आहे. लाकडी गठ्ठे ठोकून वादी, म्हणजे कातडे ताणणारी पट्टी, सैल केली की उजवे तोंड थोडे उतरते. फार उतरवले तर पुडी (तोंडावरचे कातडे) ढिली पडून आवाज मेल्यासारखा होतो. म्हणून आधी चालीची पट्टी ठरवावी आणि त्या पट्टीला बोलणारा पखवाज, म्हणजे मृदंगच, आणावा. प्रत्यक्षात नेमके उलटे होते: आलेल्या पखवाजावरून पट्टी ठरते आणि पट्टीवरून कुणी म्हणायचे ते.

पखवाजाच्या कणकेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पूर्ण हरिपाठ बेसूर होताना दिसतो. धुमाकडच्या म्हणजे डाव्या तोंडावर गव्हाची कणीक लावतात ती तिथे वजन घालून स्वर खाली आणण्यासाठी. कणीक जास्त तर स्वर खाली, कमी तर वर. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावी, तेल-मीठ अजिबात नको. तेलाचा हात लागला तर ती कातड्याला धरत नाही आणि कातडेही खराब करते. मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्यावा, कातडे ओल्या फडक्याने नुसते पुसावे, मधोमध गोळा दाबून पुरीसारखा पसरावा आणि कडा बोटाने निमुळत्या कराव्यात. कड उभी राहिली की वाजवताना तिथूनच सुटायला लागते. मग थाप मारून ऐकावे. ‘धुम’ गोल आणि खोल यायला हवा, उजव्या तोंडाच्या षड्जाशी जुळणारा. आवाज फुटका आला तर कणीक सैल झाली आहे किंवा मध्य चुकला आहे. तासाभराच्या वादनात कणीक वाळत जाते आणि धुमाचा स्वर हळूहळू चढतो. जाणता वादक अधूनमधून ओले बोट फिरवतो. नवखा जोरात वाजवतो. वाजवून झाल्यावर कणीक खरवडून काढलीच पाहिजे. ती तशीच वाळली तर कातडे ओढून धरते, आणि मंदिराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पखवाजाची पुडी सकाळपर्यंत उंदरांनी कुरतडलेली मिळते. श्रावणाच्या ओल्या हवेत कातडे सैल पडते, म्हणून दुपारी लावून ठेवलेला पखवाज संध्याकाळी उतरलेला असतो. त्याला जाळाशी धरून शेकू नये. शेकल्याने तो तेवढ्यापुरता चढतो आणि पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा उतरतो, मग पेटी एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे. हरिपाठाच्या अर्धा तास आधी, ज्या मंडपात वाजवायचा त्याच हवेत लावावा.

टाळांचे थोडक्यात. काशाचे टाळ घ्यावेत. काशात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते, त्याचा नाद स्वच्छ असतो आणि टिकतो. पितळी टाळ स्वस्त पडतात, पण त्यांचा नाद बोथट. दोन्ही वाट्या सपाट एकमेकींवर आपटू नयेत. आत हवा कोंडते, ‘थप’ असा मेलेला आवाज येतो, आणि आज ना उद्या कडेला चीर जाते. कडेवर कड जराशी तिरपी पडावी. दोरी जिथून जाते त्या भोकाची धार दोरी कापत असते, तेव्हा सप्ताहाआधी सगळ्या दोऱ्या बदलून घ्याव्यात. पावलीत तुटलेला टाळ समोरच्याच्या कपाळावर जातो. आणि पन्नास टाळकरी असले म्हणून पन्नासांनी सारखेच जोरात वाजवायचे असे नाही. शब्द चालू असताना टाळ हलके, ध्रुपदाला भरून, गजराला खुले. एवढा एक नियम पाळला तरी अभंग ऐकू येऊ लागतो.

आता कर्णे. इथे आमची मते काहींना रुचणार नाहीत. ध्वनिक्षेपक कीर्तनाला लागतो, कारण तिथे एकाचे निरूपण हजारांना ऐकायचे असते. हरिपाठाला तो जवळजवळ लागतच नाही, आणि लावलाच तर बहुधा बिघाड करतो. कारण साधे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंडपाच्या मागच्या टोकाला, मृदंगापासून ६० मीटरवर कर्णा टांगला, तर तारेतून आलेला आवाज तिथे तत्क्षणी वाजतो आणि मृदंगाचा हवेतून येणारा आवाज सुमारे एकसहांश सेकंदाने मागाहून पोहोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे हा फरक एकतृतीयांश मात्रेचा झाला. मागचे टाळकरी कर्ण्याबरोबर वाजवतात, त्यांचा टाळ पुढे तेवढाच उशिरा ऐकू येतो, पुढचे त्याला सांभाळायला रेंगाळतात, मृदंगवाला लय ओढून घ्यायला जोर लावतो. दहा मिनिटांत दोन हरिपाठ सुरू झालेले असतात. टाळ बेताल झाला म्हणून एकमेकांवर डोळे वटारले जातात, पण यात कुणाचाच हात वाईट नसतो.

दिंडीत हे का होत नाही? तिथे पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी आणि त्यामागे तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. टाळकरी एकमेकांच्या जवळ असतात आणि डोळे पुढच्या हातांवर असतात. ताल कानाइतकाच नजरेने सांभाळला जातो. नजरेची ही शिस्त किती पक्की असते ते माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी दिसते. चोपदाराचा चोप वर झाला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात, एवढा मोठा समाज बघता बघता निःशब्द होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तेवढी दिंडी टाळ वाजवत राहते, आणि त्या शांततेत तो टाळ बरोबर ऐकू येतो. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. तक्रार मांडण्याची इतकी नेटकी पद्धत आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

मंडपातही हेच करता येते. म्हणणाऱ्यांच्या रांगा पंधरा मीटरपेक्षा लांब नकोत, मृदंग मधोमध, चाल सांगणारा मृदंगाच्या बाजूला. माणसे जास्त असतील तर रांगा लांबवण्यापेक्षा वाढवाव्यात. कर्णा हवाच असेल तर एकाच जागी, म्हणणाऱ्यांच्या पुढे, तोंड बाहेरच्या बाजूला. माइकच्या तोंडासमोर कर्णा आला की शिट्टी वाजणारच. माइक दोन पुरेत, एक चाल सांगणाऱ्याला आणि एक विणेकऱ्याला. टाळांजवळ माइक ठेवू नये, काशाचा किणकिणाट शब्द गिळून टाकतो. आणि यंत्रावरचे ते ‘इको’चे बटण पूर्ण बंद. त्याने एकट्या गळ्याला भारदस्तपणा येतो म्हणून चालवणाऱ्यांना ते फार प्रिय असते, पण ‘मुक्ति चारी’ची शेपटी ‘साधियेल्या’वर चढली की नवीन माणसाला एकही शब्द धरता येत नाही.

कायद्याचेही लिहायला हवे, कारण सप्ताह आणि शेजारी यांच्यातल्या कुरबुरी दरवर्षी वाढत आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण ते दिवस सरकार ठरवते, मंडळ नाही. फलकावरचे ‘काकडा ४ ते ६’ आणि ‘कीर्तन ९ ते ११’ हे दोन्ही कर्ण्यासह केले तर नियमात बसत नाहीत. काकड्याला कर्णा कशासाठी हवा, हे आम्हाला कधी उमगले नाही. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी हे सगळे पहाटेच्या शांततेत, एका मृदंगावर आणि चार टाळांवर उभे राहते. कीर्तन साडेसातला उभे केले तर साडेनऊला संपते. मुलांचा अभ्यास, आजाऱ्यांची झोप आणि पोलिसांची फेरी, तिन्ही प्रश्न मिटतात.

याला कुणी म्हणेल की हे सारे शिकवायचे कुणी. आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून आणि तशाच इतर ठिकाणांहून शिकून आलेली मुले आज आसपासच्या बऱ्याच गावांत आहेत. सप्ताहात त्यांना कीर्तनात साथीला उभे करतात, फलकावर नाव घालतात. त्यातल्या एखाद्याला सप्ताहाआधी आठ दिवस, रोज अर्धा तास, गावातल्या लोकांना बसवून पहिले पाच अभंग आणि ध्रुपद घोटून घ्यायला सांगावे. जास्त नको. पाच अभंग पक्के झाले की चाल बसली, चाल बसली की पुढचे बावीस कागद बघून म्हणता येतात. कागद मात्र एकाच छापाचे असावेत. घरोघरच्या पोथ्यांत पाठभेद असतात. एक ‘वेगु’ म्हणतो, एक ‘वेग’, आणि तेवढ्यात चरण पुढे गेलेला असतो. अक्षर मोठे, एका ओळीत एकच चरण, कडव्यांमध्ये मोकळी जागा. आडव्या सलग ओळीत छापलेला अभंग संध्याकाळच्या उजेडात चष्मा लावूनही सापडत नाही. फ्लेक्सवर जेवढे जाते त्याच्या पासंगाला पुरेल एवढ्या खर्चात असे दोनशे कागद होतात.

आणि मंडळाला आपले कुठे अडते आहे ते बघायचे असेल तर एक चाचणी सुचवतो. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी शेवटच्या ‘सर्व सुख गोडी सर्व शास्त्र निवडी, रिकामा अर्धघडी राहू नको’ या अभंगाला कर्णा बंद करावा. (अर्धघडी म्हणजे बारा मिनिटे, तेवढाही वेळ रिकामा दवडू नकोस असे सांगणारा अभंग आहे.) मंडळातल्या एकाने उठून मंडपाच्या मागच्या कडेला जाऊन उभे राहावे आणि नुसते ऐकावे. शब्द समजत नसतील तर चौथ्या दिवशी लय उतरवा. शब्द समजतात पण गळे ताणलेले ऐकू येतात, तर पट्टी उतरवा. टाळ दुहेरी ऐकू आला तर रांगा आखूड करा. शब्द आणि टाळ दोन्ही ठीक आहेत पण आवाजच थोडक्या गळ्यांचा आहे, तर ध्रुपद कुणी गाळले आहे का ते बघा.

कळावे,

आपले,
गावोगावच्या हरिपाठात उभे राहणारे काही टाळकरी व मृदंगवादक